सीटी झालाय, मग परत एमआरआय कशाला?

पत्र:
नमस्कार डॉक्टर, माझी भाची ४ वर्षांची आहे. दोन-अडीच महिने तिचा उजवा कान वाहत होता, ड्रॉप्स झाले, अँटिबायोटिक बदलून झाले, मग कानातून रक्त यायला लागलं आणि हसताना तिचं तोंड एका बाजूला जातंय हे वहिनीच्या लक्षात आलं. कानाच्या डॉक्टरांनी सीटी केला, कानात मांसासारखं काही वाढलं होतं त्याचा तुकडा तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट आला एम्ब्रायोनल रॅब्डोमायोसार्कोमा. आता कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात एमआरआय करा, छातीचा सीटी करा, पेट स्कॅन करा, शिवाय बोन मॅरो म्हणजे हाडाच्या आतला मगज आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासा. एमआरआयला भूल द्यावी लागणार म्हणून चार दिवसांनंतरची तारीख मिळालीये. भाऊ म्हणतो सीटी झालाय ना, मग हे सगळं कशाला, उद्याच केमो सुरू करा. वहिनीला रेडिएशनची भीती वाटते, एवढ्याशा पोरीला किती वेळा मशीनमध्ये घालणार असं म्हणून रडते. रिपोर्ट वाचणारी आणि डॉक्टरांशी बोलणारी घरात मीच, दोघंही माझ्या तोंडाकडे बघतायत. काय सांगू त्यांना?
– एक आत्या

उत्तर:

आत्या, आधी सरळ उत्तर देते, कारणं मग. एमआरआय केमोच्या आधीच होऊ दे, त्यासाठी चार दिवस थांबावं लागलं तरी थांबा. भावाची घाई मला कळते, आजाराचं नाव कळल्यावर एक दिवससुद्धा वाया घालवू नये असंच कुठल्याही बापाला वाटणार, आणि हा आजार भराभर वाढतो हेही खरंच आहे. पण पहिलं औषध शिरेत जायच्या आधीचं चित्र आयुष्यात एकदाच मिळतं, नंतर कितीही भारी मशीन आणलं तरी ते परत मिळत नाही.

त्याचं कारण भावाला नीट समजावून सांगा, कारण ते बहुतेक घरच्यांना कुणी सांगतच नाही. रॅब्डोमायोसार्कोमा म्हणजे कच्च्या स्नायूसारख्या पेशींचा कॅन्सर, आणि तो केमोला चांगली दाद देणारा आजार आहे, काही आठवड्यांतच गाठ लहान होते, कधीकधी तर खूपच लहान. पण कानाच्या आतल्या, मेंदूच्या आवरणाला लागून असलेल्या जागेतल्या गाठीला नुसती केमो पुरत नाही आणि तिथे सर्जरीने सगळं काढूनही टाकता येत नाही, त्यामुळे पुढे रेडिएशनची ट्रीटमेंट बहुतेक वेळा लागतेच. ती देताना डॉक्टर फक्त तेव्हा उरलेली गाठ बघत नाहीत, केमोच्या आधी गाठ कुठेकुठे पोचली होती ते बघतात, कारण गाठ जिथून मागे हटली तिथे डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी राहिलेल्या असू शकतात. म्हणजे आज जो एमआरआय होईल तो पुढच्या रेडिएशनचा नकाशा आहे. तो नसेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना अंदाजाने चालावं लागतं, आणि अंदाज मोठा धरला तर चांगल्या मेंदूला, डोळ्याला, वाढीची हार्मोन्स सोडणाऱ्या पिट्यूटरीला नको तेवढा डोस जातो, लहान धरला तर आजार मागे राहायची भीती. चार वर्षांच्या मुलीच्या डोक्यात दोन्ही बाजूंची चूक महाग पडते.

आता सीटी का पुरत नाही ते. स्कॅन वाचणारी डॉक्टर म्हणून अशा मुलांचे कानाचे सीटी मी बघते तेव्हा हाडं मला फार सुंदर दिसतात. कानातली ती तीन बारीक हाडं शाबूत आहेत की खाल्ली गेलीत, कान आणि मेंदू यांच्यामधलं छताचं हाड, जे मुळातच कागदासारखं पातळ असतं, त्याला भोक पडलंय का, चेहऱ्याची नस ज्या हाडाच्या नळीतून जाते ती नळी तुटलीये का, हे सगळं सीटीइतकं छान दुसऱ्या कशातच दिसत नाही. पण कानाच्या मागच्या हाडाच्या पोकळ्या भरलेल्या असल्या की त्या सीटीत सगळ्या एकसारख्या करड्या दिसतात. त्यातलं गाठ किती आणि वाट अडल्यामुळे मागे नुसतं साचलेलं पाणी किती हे मला त्या करड्या रंगावरून सांगता येत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर माझा विश्वास बसणार नाही.

तीच जागा एमआरआयमध्ये बघितली की फरक पडतो. टी-टू नावाच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे एमआरआयच्या चित्र काढायच्या एका पद्धतीत, साचलेलं पाणी अगदी पांढरंशुभ्र दिसतं आणि गाठ त्याच्यापेक्षा मळकट. मग शिरेतून गॅडोलिनियम नावाच्या धातूचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळ दिसणारं औषध, देतात, की गाठ उजळते कारण तिला रक्तपुरवठा आहे, पाणी काळंच राहतं, फार तर त्याच्या कडेला उजळ रेघ. झालं, गाठीची हद्द मिळाली. अजून एक डिफ्यूजन नावाचा सिक्वेन्स असतो, त्यात पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते कळतं, आणि या गाठीत पेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की पाण्याला हलायला जागाच नसते, त्यामुळे तो भाग वेगळा उठून दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेंदूवरचं आवरण. छताच्या हाडाला भोक असेल तर गाठ आवरणापर्यंत टेकलीये, आवरण जाड झालंय की गाठ आत शिरलीये, हे कॉन्ट्रास्टनंतरच्या एमआरआयमध्येच कळतं, आणि गाठ नसांच्या कडेकडेने सरकत गेलीये का तेही. भाचीचं तोंड वाकडं होतंय म्हणजे चेहऱ्याच्या नसेला त्रास आहे हे नक्की, पण कुठे आणि कुठपर्यंत, हे बघितल्याशिवाय कसं कळणार. म्हणून सीटी आणि एमआरआय ही एकच तपासणी दोनदा नाहीये, दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

चार दिवस थांबण्याला अपवाद आहे तो मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ती खूप सुस्त वाटायला लागली, डोकं दुखून सारखी उलटी करतेय, डोळा तिरळा व्हायला लागला किंवा दिसत नाही म्हणतेय, गिळताना ठसका लागतोय, आवाज बदललाय, श्वासाला त्रास होतोय, फिट आली, यातलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटलला निघायचं. अशा वेळी इमर्जन्सीत एमआरआय करतात, आणि तेही शक्य नसेल तर डॉक्टर ट्रीटमेंट आधी सुरू करतील, तो निर्णय त्यांचा. शिवाय तोंड वाकडं होतंय ही गोष्ट एमआरआयची तारीख देणाऱ्या माणसापर्यंत पोचलीये का हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचाराच. फॉर्मवर नुसतं 'कानातली गाठ' लिहिलेलं असतं आणि तारीख त्याप्रमाणे मिळते, डॉक्टरांनी स्वतः फोन केला की कधीकधी दोन दिवस अलीकडे येते.

बाकीच्या दोन स्कॅनबद्दल. छातीचा सीटी फुप्फुसासाठी असतो, कारण हा आजार पसरला तर फुप्फुस ही त्याची नेहमीची जागा आहे आणि तिथले बारीक ठिपके सीटीशिवाय दिसत नाहीत. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर देतात आणि ज्या पेशी भराभर साखर खातात त्या चमकतात, त्यातून मानेतल्या गाठींमध्ये म्हणजे लिम्फ नोडमध्ये, हाडात, मॅरोमध्ये कुठे आजार गेलाय का ते एका फेरीत कळतं. तुमच्या भावाला इथे वाटेल की मग पेटच करू, एमआरआय सोडू. तसं चालत नाही कारण मेंदू स्वतःच भरपूर साखर खातो, तो पेटमध्ये कायम लखलखत असतो, आणि गाठ त्याला खेटून असेल तर हद्द त्या उजेडात हरवते.

पेटचा रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. लहान मुलांचे टॉन्सिल आणि नाकामागचे अडेनॉइड तसेही चमकतात. थंडी वाजली तर मानेतली आणि खांद्यातली एक प्रकारची चरबी चमकते, ती कधीकधी आजारासारखी दिसते, म्हणून त्या दिवशी तिला उबदार कपडे घाला, इंजेक्शननंतरच्या तासाभरात पांघरूण घेऊन शांत पडू दे, गोष्टी सांगा पण तिला फार बोलायला किंवा काही चघळायला लावू नका कारण जबड्याचे स्नायूसुद्धा साखर खातात. उपाशी ठेवायला सांगतील, त्यात गोड पाण्याचा घोटही नाही, हे घरातल्या प्रेमळ माणसांना आधीच बजावून ठेवा. त्या औषधाचा जोर साधारण ११० मिनिटांत अर्धा होतो, त्यामुळे घरात कुणी गरोदर असेल तर तेवढा दिवस तिने भाचीला मांडीवर घेऊ नये, दुसऱ्या दिवशी काही प्रश्न नाही.

आता वहिनीची भीती. ती खोटी नाहीये, तिला उडवून लावू नका. एमआरआय आणि सोनोग्राफी यांत क्ष-किरण अजिबात नसतात, हे पहिलं सांगा, कारण तिच्या डोक्यात सगळी मशीन एकच असणार. सीटीत क्ष-किरण असतात आणि पेटमध्ये त्या किरणोत्सारी साखरेचे किरण. त्याचा धोका किती, तर ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला, त्यातला अंदाज असा की १० वर्षांखालच्या मुलांचे डोक्याचे १०,००० सीटी केले तर पुढच्या १० वर्षांत साधारण १ ल्युकेमिया आणि १ ब्रेन ट्यूमर जास्तीचा होतो. शून्य नाही, म्हणून उगाच सीटी करू नये हे आम्हीच ओरडून सांगत असतो, अमेरिकेत २००८ साली 'इमेज जेंटली' नावाची मोहीमच यासाठी निघाली की मुलांना मोठ्या माणसांचा डोस देऊ नका. पण तुमच्या भाचीला आजार आहे की नाही हा प्रश्न आता राहिलेला नाही, आजार आहे, आणि तो कुठपर्यंत आहे हे न कळण्याचा धोका या १०,००० मधल्या एक-दोनपेक्षा फार फार मोठा आहे. जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारे किरण मोजायचं माप) किरण मिळतात, मुलांच्या सेटिंगवर केलेला छातीचा सीटी साधारण त्याच्या आसपास किंवा कमीच असतो, पेट-सीटी त्याच्या काही पट.

आणि एक गोष्ट वहिनीला आज सांगावी की थोडी थांबून, ते तुम्ही तिची अवस्था बघून ठरवा. पुढे जी रेडिएशनची ट्रीटमेंट होईल तिचा डोस गाठीच्या जागेवर साधारण ५० ग्रेच्या (ग्रे हे त्या डोसचं माप) घरात असतो, म्हणजे डोक्याच्या एका सीटीच्या जवळपास हजारपट. तेव्हा रेडिएशनची खरी काळजी असेल तर ते ५० ग्रे नेमके जिथे हवेत तिथेच पडतील याची काळजी घ्यायची, आणि ती घ्यायचा रस्ता या आत्ताच्या एमआरआयमधूनच जातो. स्कॅनने आजार पसरतो असं कुणी म्हणालं तर ते साफ चुकीचं आहे, एवढंच.

भुलीबद्दल. या वयाचं मूल पाऊण-एक तास त्या आवाजात अजिबात न हलता झोपणं शक्य नाही आणि हललं की चित्र पुसट येतं, मानेत-कानात तर मिलिमीटरचा हिशोब असतो, त्यामुळे भूल न देता बघू या जिद्दीला पडू नका, अर्धवट स्कॅन म्हणजे परत भूल. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१६ मध्ये ३ वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा ३ तासांपेक्षा जास्त भूल देण्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, ती कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेलच, तुमची भाची ४ ची आहे आणि एमआरआयची भूल हलकी आणि तासाभराची असते. तरीही भूल कमी वेळा द्यावी हे बरोबरच आहे, आणि इथे तुम्ही आत्या म्हणून खरंच कामाला येऊ शकता. एमआरआय, बोन मॅरो, पाठीतलं पाणी आणि केमोसाठी मोठ्या शिरेत बसवायची नळी म्हणजे सेंट्रल लाइन, यातलं किती एकाच भुलीत उरकता येईल हे विचारा. मोठ्या हॉस्पिटलात हे प्रत्येक काम वेगळ्या विभागाचं असतं, आपापली तारीख देऊन जो तो मोकळा होतो आणि मूल तीनदा उपाशी राहतं, घरच्यांनी विचारलं की मग कुणीतरी सगळ्यांना एकत्र बसवतं.

फक्त एक क्रम पाळायला सांगा, एमआरआय आधी आणि पाठीतलं पाणी नंतर. पाणी काढल्यावर आतला दाब थोडा कमी होतो आणि त्यामुळे मेंदूचं आवरण कॉन्ट्रास्टमध्ये उजळ दिसू शकतं, मग आमच्यासारखे रिपोर्ट लिहिणारे अडकतात की हे पाणी काढल्यामुळे आहे की आजार आवरणावर पसरलाय. तुमच्या केसमध्ये तर तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, तेव्हा तिथे शंका शिल्लक ठेवायची नाही.

कॉन्ट्रास्टबद्दल विचारायचं ते असं की किडनीची रक्ततपासणी झालीये का आणि औषध मॅक्रोसायक्लिक प्रकारातलं आहे का. गॅडोलिनियमचा अगदी थोडा अंश शरीरात राहतो हे कळल्यावर युरोपने २०१७ मध्ये जुन्या लिनियर प्रकारातली बरीचशी औषधं बंद केली, मॅक्रोसायक्लिक त्यामानाने घट्ट बांधलेलं असतं आणि कमी मागे राहतं. किडनी नीट असलेल्या मुलांत त्या अंशाने अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तिचे पुढे बरेच एमआरआय होणार आहेत म्हणून विचारून घ्या. कानातलं, क्लिप, कपड्यावरचं बटण-चेन, सगळं घरीच काढून ठेवा.

रिपोर्ट आला की तुम्ही शब्दन् शब्द गूगल करणार हे मला माहितीये, सगळेच करतात. तर इरोजन म्हणजे हाड खाल्लं गेलंय, तुमच्या केसमध्ये ते असणारच, धक्का बसू देऊ नका. एन्हान्समेंट म्हणजे कॉन्ट्रास्टने उजळणं, तो शब्द स्वतःहून चांगला नाही आणि वाईटही नाही. छातीच्या सीटीत इन्डिटर्मिनेट नोड्यूल लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फुप्फुसात एखादा इवलासा ठिपका आहे आणि तो कशाचा ते सांगता येत नाही, मुलांमध्ये असे ठिपके जुन्या साध्या इन्फेक्शनचेही असतात, भूल दिल्यावर फुप्फुसाचा एखादा कोपरा दबला की तोही तसाच दिसतो. ते वाचून 'पसरलंय' असं घरात जाहीर करू नका, डॉक्टरांशी बोला आधी. आणि शक्य असेल तर हे स्कॅन लहान मुलांचे स्कॅन बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून वाचले जातील आणि ट्यूमर बोर्डात, म्हणजे जिथे सगळे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात तिथे ठेवले जातील असं बघा. तो आधीचा कानाचा सीटी दुसरीकडे झाला असेल तर त्याची सीडी मागून आणून द्या, फिल्म नाही आणि नुसता कागदही नाही, म्हणजे तो परत करायची वेळ येणार नाही. वहिनीला हे नक्की सांगा, तिच्या काळजीवर प्रत्यक्ष करता येण्यासारखं काम हेच आहे.

पुढे काही महिन्यांनी केमोचा परिणाम बघायला एमआरआय होईल. त्यात 'रेसिड्यूअल' हा शब्द बहुतेक दिसेल. काहीतरी उरलंय एवढाच त्याचा अर्थ, ते जिवंत आहे असा नाही, या आजारात ट्रीटमेंट संपल्यावरही कितीतरी मुलांच्या स्कॅनमध्ये एक घट्ट झालेला भाग राहतो आणि ती मुलं ठणठणीत असतात. एका स्कॅनवरून नाही, मागच्या-पुढच्या स्कॅनशी ताडून कळतं, म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी, त्याच पद्धतीने करत राहा. ट्रीटमेंट संपल्यानंतरच्या देखरेखीच्या स्कॅनमध्ये मात्र वहिनीने डॉक्टरांना जरूर थांबवून विचारावं, की हा स्कॅन कशासाठी, यातून उत्तर काहीही आलं तर आपण पुढे वेगळं काय करणार आहोत, आणि सीटीऐवजी एमआरआय किंवा छातीचा साधा एक्स-रे चालेल का. तिथे पर्याय असतात. आत्ता पहिल्या फेरीत ते फारसे नाहीत.

दोन-अडीच महिने कानाच्या ड्रॉप्समध्ये गेले म्हणून भाऊ-वहिनी स्वतःला दोष देत असतील. कान वाहणं या वयात इतकं सर्रास असतं की आधी तेच औषध देतात आणि बरोबरच असतं. औषधाने बरं न होणारा कान, त्यात रक्त, त्यात तोंड वाकडं, हे एकत्र आल्यावर सीटी झाला आणि तुकडा तपासला गेला, आणि ते वाकडं हसू वहिनीनेच ओळखलं ना. आजार दुसरीकडे पसरलेला नसेल तर आज १० पैकी साधारण ७ मुलं यातून बरी होतात, हा आकडा भावाला सांगा, त्याला ऐकायची गरज आहे.

तर उद्या सकाळी फोन दोन. एक कॅन्सरच्या डॉक्टरांना, की तोंड वाकडं होतंय हे एमआरआयवाल्यांना कळवून तारीख अलीकडे आणता येईल का आणि भूल एकत्र करता येईल का. दुसरा जिथे पहिला सीटी झाला तिथे, सीडीसाठी. केमोची तारीख एमआरआयच्या दुसऱ्याच दिवसाची धरून ठेवायला सांगा, म्हणजे भावालाही दिसेल की थांबलंय ते फक्त त्या एका चित्रासाठी.